पाच किलोच्या आत

‘आणि माणूस?’ सरवरीनं विचारलं.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. खुब्यात धातूचा नवा सांधा बसवल्यावर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, एवढं त्यांचं सांगून झालं होतं. भरलेली बादली नाही, गॅसची टाकी नाही, गव्हाचा डबा नाही. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वाकून पलंगाखालची चप्पल ओढायची नाही. हे सगळं ते रोज दहा जणांना सांगत असणार, कारण सांगतानाही पेन चालूच होतं. आता ते थांबलं. माणूस कशाला उचलता तुम्ही, असं त्यांनी हसत विचारलं आणि फाइलमध्ये बघितलं. फाइलवर कामाच्या रकान्यात तिच्या मुलानं, सैफनं, ‘गृहिणी’ असं लिहून ठेवलं होतं. सरवरी म्हणाली की ती एका दवाखान्यात मावशी आहे, एकतीस वर्षं झाली, आणि तिथं माणसंच उचलावी लागतात. पलंगावरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून टेबलावर, टेबलावरून परत पलंगावर. डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘माणूस नाही,’ ते म्हणाले. ‘तीन महिन्यांनी नाही आणि वर्षानंही नाही. सांधा निखळला तर परत टेबलावर यावं लागेल, मावशी.’ पहिल्यांदाच त्यांनी तिला मावशी म्हटलं.

रिक्षा सक्कर चौकातून पुणे रोडला लागली. सासूला उंच बसता यावं म्हणून आणलेली उशी सून हुमेरानं एका हातानं धरून ठेवली होती. अम्मींना वाईट वाटलंय, असं ती धरून चालली होती. वाईट वाटायला हवं होतं, हे सरवरीलाही कळत होतं. जे काम येतं म्हणून दवाखान्यानं तिला तीन मॅनेजर बदलले तरी ठेवलं, तेच काम संपलं होतं. पण आत वळवळत होतं ते दुसरंच. पाच किलो म्हणजे नक्की किती? तिनं रिक्षातून बाहेर बघितलं. बस थांब्यावरची जांभळ्या साडीतली बाई बावन्न-त्रेपन्न किलो. तिच्यामागचा पोट सुटलेला म्हातारा सत्तर, पण उचलायला पंचाहत्तरचा, कारण अशी माणसं मधून वाकतात. मोटारसायकलवरचा पोरगा साठ, आणि सोपा, सगळा हाडाचा. गादी किती दबली यावरून, पलंगाच्या कुरकुरीवरून, नुसत्या घोट्यावरून ती माणसाचं वजन सांगायची, आणि सिस्टर काट्यावर बघून मान हलवायच्या. बाळंतिणीच्या वॉर्डात होती तेव्हा तीन किलोही हातात बसले होते. पण तीन आणि चाळीस यांच्या मधलं काहीच तिला माहीत नव्हतं. पाच किलो हे तिच्या हाताला कधी वजनच वाटलं नव्हतं.

तिचा नवरा गनीभाई केडगावच्या स्टॉपजवळ केळीची गाडी लावायचा. त्याचा काटा रोज संध्याकाळी चार्जिंगला घरी यायचा. त्या संध्याकाळी तिनं तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला लावला आणि चष्मा लावून उभ्या उभ्या एकेक वस्तू त्यावर चढवायला लागली. भरलेला तांब्या एक किलो तीनशे. लोखंडी तवा दीड. घरातली चादर कोरडी असताना सातशे ग्रॅम, आणि ओली केली तर दोन किलोच्या वर. ती ओली चादर हातात धरून सरवरी बराच वेळ उभी राहिली. वॉर्डात अशा चादरींचा गठ्ठा ती काखेत मारून जिना उतरायची. डाळ-भातासकट कुकर चार किलो आठशे भरला, तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि शेगडीपर्यंत नेला, जणू तो तिला आत्ताच कुणी बक्षीस दिला होता. गनीभाई आधी कुरकुरला, की काटा बिघडेल. मग त्याचाही हात शिवशिवायला लागला. त्यानं डोळे मिटून हुमेरानं शाळेतून तपासायला आणलेल्या वह्यांचा गठ्ठा तोलला आणि दोन किलो दोनशे सांगितले; काट्यानं दोन किलो एकशे नव्वद दाखवले. तिच्या अंदाजात मात्र किलोकिलोची चूक निघत होती. पाच किलोच्या खाली तो चुकत नव्हता आणि चाळीसच्या वर ती. चौतीस वर्षं एका घरात राहून हे दोघांनाही आजच समजत होतं, आणि हुमेरा ओट्याला टेकून हसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी, गाडी निघायच्या आधी घरात कुणी नाही असं बघून तिनं काटा बुटक्या स्टुलावर ठेवला, उंच खुर्चीत बसली आणि ऑपरेशनचा उजवा पाय सरळ करून टाच त्यावर टेकवली. चार किलो सहाशे. डावा ठेवला. चार किलो तीनशे. परत उजवा, परत डावा. तीनशे ग्रॅमचा फरक हलेना. तो धातूचा की सुजेचा, हे कुणाला विचारावं ते तिला कळेना. आतून काढलेला हाडाचा गोळा किती वजनाचा असेल? तो तिला बघायचा होता. ऑपरेशनच्या आधी तसं म्हणायचं राहून गेलं, आणि नंतर विचारलं तेव्हा सगळ्यांनी ती गंमत करतेय असा समज करून घेतला. त्याचं पुढं काय झालं असणार हे मात्र तिला पाठ होतं. पिवळी पिशवी, पिशवीला गाठ, गाठीवर चिठ्ठी, आणि ती घेऊन मागच्या जिन्यानं उतरणारी कुणीतरी मावशी. ती पिशवी धरताना त्या बाईच्या मनात काय आलं असेल? काहीच नाही. सरवरीच्याही मनात कधी काही आलं नव्हतं. ती फक्त पायऱ्या मोजायची.

उचलायला तिला शिकवलं भीमाबाईनं. भीमाबाई जामखेडकडची, उंचीला सरवरीच्या खांद्याएवढी, आणि तिच्यात ताकद म्हणावी अशी काही दिसायची नाही. सरवरी तेव्हा सव्वीस वर्षांची, कर्जतहून लग्न होऊन नगरात आलेली, आणि दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिनं एका म्हाताऱ्याला पाण्याच्या हंड्यासारखं उचलायला बघितलं. भीमाबाईनं मागून तिच्या कमरेवर चापट मारली. कंबर मोडून घेशील, ती म्हणाली. उचलायचं ते मांडीनं, आणि आधी माणसाला सांगायचं की आता तुला उचलते, म्हंजे तो आतून हलका व्हतो. हलका होतो म्हणजे काय, हे सरवरीला वर्षभरानं समजलं. सांगून उचललेला माणूस श्वास धरतो, हातपाय जवळ घेतो आणि स्वतःला गोळा करून देतो. न सांगता उचलला की तो सांडतो. घाबरलेला सगळ्यात जड. लाजलेलाही जड, विशेषतः पुरुष. झोपेच्या औषधातला माणूस ओल्या वाळूसारखा. आणि गेलेला माणूस तेवढाच असतो, काटा तेच सांगतो, पण हात ते कबूल करत नाहीत.

या सगळ्यांत तिचा खुबा कुणी झिजवला, हा एक नवाच चाळा आता तिच्या मनाला लागला होता. खुर्चीत बसल्या बसल्या ती एकेकाला आठवायची. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं की तसं काही नसतं. हाडाचा रक्तपुरवठा बंद झाला, हाड वाळलं, ते कुणाचंही वाळतं. तिनं मान डोलावली होती. पण हाड वाळायला कुठल्यातरी एका दिवशी सुरुवात झालीच असेल ना, आणि त्या दिवशी तिच्या हातात कुणीतरी असणारच. राशीनकडचे ते आप्पासाहेब? पंच्याण्णव किलोचे, पायाला प्लास्टर. दुसरी मावशी चहाला गेलेली आणि त्यांना संडासला थांबवेना. तिनं एकटीनं त्यांना उभं केलं, आणि ते घसरले तेव्हा तिनं आपली उजवी मांडी त्यांच्याखाली घातली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. ती आठ दिवस लंगडली आणि कुणाला सांगितलं नाही, कारण एकटीनं उचलायची परवानगी नव्हती. घरी जाताना त्यांनी तिच्या हातात सीताफळांची पिशवी दिली होती. आता त्यांच्यावर रागवावं का, असं ती स्वतःला विचारून बघायची. राग येत नव्हता. आत शोधत गेलं की सीताफळांचा वास तेवढा यायचा.

आणि मग स्वतःचं ते उचललं जाणं. कमरेतून इंजेक्शन दिलेलं, खालचं अंग नाहीसं झालेलं, डोक्यावर हिरवी टोपी. चार जणांनी चादरीचे कोपरे धरले आणि एक, दोन, तीन म्हटलं. हे तीन आकडे ती हजारदा म्हणाली होती, पण ते खालून ऐकायला कसे लागतात हे तिला ठाऊक नव्हतं. दोन आणि तीन यांच्यामध्ये केवढी जागा असते! तेवढ्या जागेत तिनं श्वास धरला, हात छातीशी घेतले, स्वतःला गोळा करून दिलं, आणि डोक्याकडचा पोरगा कमरेतून उचलतोय हेही बघितलं. मांडीनं उचल रे, असं तिला म्हणायचं होतं. मग ती टेबलावर होती, आणि कुणीतरी सहज म्हणालं की बाई जड आहे. ते शब्द तिला लागले नाहीत. ती फक्त विचार करत राहिली की मी हे किती जणांबद्दल बोलले, आणि त्यांतल्या कितीजणांना ऐकू गेलं.

घरात तिची नमाज आता खुर्चीवर होत होती. सजद्याला कपाळ जमिनीपर्यंत जात नाही. जेवढं वाकता येतं तेवढं वाकायचं, बाकीचं मनानं. मशिदीतल्या मौलानांनी गनीभाईला सांगितलं होतं की हे चालतं, यात कमीपणा नाही. तिला कमीपणा वाटतही नव्हता. तिचं लक्ष जायचं ते कपाळ आणि फरशी यांच्यामधल्या दोन-अडीच हात अंतराकडं. इतकी वर्षं त्या अंतरातून ती दिवसातून कितीदा खाली-वर झाली आणि त्याच्याकडं कधी बघितलं नाही. आता तिथं फरशीची एक तिरकी रेघ दिसायची, सकाळी तिच्यावर ऊन असायचं. नमाजेत असलं बघत बसणं बरोबर नाही असं वाटून ती डोळे मिटायची.

नवव्या आठवड्यात दवाखान्यातून मोठ्या सिस्टरांचा फोन आला. मावशी, कधी येताय, तुमच्यावाचून दुसरा मजला अडलाय, असं त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यात येते, असं सरवरी बोलून गेली. पाच किलोचं तिनं सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर आपण खोटं बोललो की नुसतं अर्धं बोललो, याचा ती हिशेब लावत बसली. सांगायचं कसं? मी येईन, पण उचलणार नाही? हे म्हणजे आचारी म्हणतो मी येईन पण चुलीजवळ जाणार नाही, तसं झालं. दवाखान्याचं काय ठरवलंस, असं रात्री गनीभाईनं तिला स्पष्टच विचारलं, आणि तिनं त्याला केळ्यांचं काहीतरी विचारून विषय बदलला.

त्यांच्या इमारतीत तळाला दोन घरं समोरासमोर. समोरच्या घरात कानिफनाथ नावाचा कंपनीत जाणारा माणूस, त्याची साडीच्या दुकानात काम करणारी बायको आणि त्याची आई रतनबाई. रतनबाई चौऱ्याहत्तर वर्षांची, कर्जत तालुक्यातलीच, शेतात राबून वाळलेली. गावाकडं एकटी ठेवायला नको म्हणून मुलानं दोन वर्षांपूर्वी तिला इथं आणलं होतं, आणि तिला इथलं काहीच पसंत नव्हतं. फरशी गार, पाणी मचूळ, शेजारीण तेवढी आपल्याकडची. सकाळी दहानंतर दोन्ही घरांत या दोघीच उरायच्या. सरवरी तिला आक्का म्हणायची.

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला समोरून आवाज आला. आधी प्लास्टिकचा मग पडल्याचा, मग क्षणभर काही नाही, आणि मग अंग पडल्याचा. हा क्रम सरवरीच्या ओळखीचा होता. भांडं नुसतं पडलं तर पुढं शिवी ऐकू येते. तिनं डाव्या हातात काठी घेतली आणि ती निघाली. समोरचं दार लोटलेलंच होतं. न्हाणीघराच्या बाहेर, बोळासारख्या जागेत, रतनबाई एका कुशीवर पडली होती, लुगडं गुडघ्याच्या वर गेलेलं. डोळे उघडे होते. ती छताकडं बघत होती आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा चीड जास्त होती.

सरवरीनं उभ्यानंच विचारायला सुरुवात केली. डोकं आपटलं का? जांघेत दुखतंय का? पायाची बोटं हलवा. हा पाय, आता तो. तिनं दोन्ही पावलं एका रेषेत आहेत का बघितलं, एखादं बाहेर वळलंय का बघितलं. नव्हतं. कोपर सोललं होतं, एवढंच. हे बघून होईपर्यंत तिच्या लक्षात आलं की काठी भिंतीला टेकवून ठेवली आहे, कधी ठेवली ते आठवत नव्हतं. उजवा पाय मागे गेलाय, गुडघे सैल झालेत आणि दोन्ही हात पुढं निघालेत. अडतीस किलो. फार तर एकोणचाळीस. काखेखाली हात, छाती छातीला, एक, दोन. आत खुब्यापाशी काहीतरी बोललं. दुखलं नाही, दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारावी तसं. ती थांबली आणि सरळ उभी राहिली.

‘बघत काय बसलीस?’ रतनबाई म्हणाली. ‘उचल की मला. तुजं कामच हाय ते.’

‘आक्का, मला उचलायची बंदी हाय.’

‘माजं वजन ते कितीसं.’

ते किती आहे हे सरवरीला अर्ध्या किलोच्या फरकानं माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तिनं कानिफनाथला फोन लावला. त्याला यायला पाऊण तास लागणार होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुणाला बोलावते, असं ती म्हणाली, तेव्हा रतनबाईनं तिच्या गाऊनची कड पकडली. बाप्या माणसाला नको. मग आवाज खाली करून म्हणाली, ‘लुगडं वलं झालंय माजं. पोरानं असं बघायचं का मला?’

ओल्या झालेल्या माणसांना सरवरीनं आयुष्यभर सांगितलं होतं की त्यात काय, मावशी आहे ना मी. तेव्हा ते सोपं होतं. सांगता सांगता ती त्यांना उचलून कोरड्या चादरीवर ठेवायची आणि ओलं सगळं गोळा करून नाहीसं करायची. आज हातात फक्त सांगणंच उरलं होतं. तुम्हीच उठायचं, ती म्हणाली, मी सांगते तसं करा. रतनबाईनं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की सरवरीला वाटलं, ही आता आपल्याशी कधी बोलणार नाही.

पण दुसरा इलाज कुणाकडंच नव्हता. आधी कुशीवर पुरतं वळा. आता कोपरावर या, न सोललेल्या. आता दुसरा हात जमिनीवर. दम खा. रतनबाईनं दम खाल्ला, शिव्या दिल्या, फरशीला, मुलाला, त्या मगाला. दहा मिनिटांनी ती हातांवर आणि गुडघ्यांवर आली, तेव्हा तिला स्वतःलाच नवल वाटलं; अशी ती खुरपताना असायची. सरवरीनं हातांची प्लास्टिकची खुर्ची काठीनं ढकलत तिच्यापुढं आणली. खुर्ची धरा आणि उठा. रतनबाईनं धरली, जोर लावला, आणि खुर्ची फरशीवरून सरकत मागे गेली. ती परत खाली बसली, हळूच, पण बसली. ‘मला न्हाई व्हायचं,’ ती म्हणाली, आणि या वेळी आवाजात चीड नव्हती. सरवरीला ते ऐकून भीती वाटली. दवाखान्यात लोक हे वाक्य म्हणत आणि मग खरंच त्यांचं होत नसे.

खुर्चीला कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं. वाकून धरता येत नव्हतं. काही वेळ ती रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिली, आणि मग ती सावकाश, दोन्ही हातांवर भार देत, स्वतःच त्या खुर्चीत बसली. आतल्या पलंगावरची उशी आधी खुर्चीवर ठेवायला विसरली नाही. उजवा पाय बाजूला लांब ठेवला, डावा टेकवला. आता खुर्ची सरकणार नव्हती. ‘या,’ ती म्हणाली. ‘हे दोन हात धरा खुर्चीचे. मला नका धरू.’ आपले हात मधेच पुढं जातील हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिनं ते आपल्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

रतनबाई गुडघ्यांवर चालत जवळ आली. तिनं खुर्चीचे दोन्ही हात पकडले. डावा पाय पुढं टेकवा. आता नाक माझ्याकडं आणा, अजून, अजून पुढं. नाक पुढं आलं की बूड आपोआप वर जातं. रतनबाईचं तोंड सरवरीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आलं. तिच्या श्वासाला तंबाखूच्या मिश्रीचा वास होता. आणि तिथं, इतक्या जवळून, सरवरीला एकदम उमगलं की हे आपण कधीच बघितलेलं नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. माणूस उचलताना त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर असते. आपल्याला दिसते ती भिंत, सलाईनची सळई, समोरच्या पलंगावरचा पेशंट, फार तर बरोबरीनं उचलणाऱ्या दुसऱ्या मावशीची मान. माणूस खालून वर येतो तेव्हा त्याच्या तोंडावर काय होतं, हे तिच्या पाठीमागे होत आलं होतं. हजारो वेळा.

तिनं डोळे मोठे केले. आधी भीती दिसली, ती तर नेहमीची. मग कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या. रतनबाई तिच्याकडं बघत होती पण तिला बघत नव्हती. एखादं विसरलेलं नाव आठवताना माणूस जसा समोरच्याच्या आरपार बघतो, तशी. खालचा ओठ आत गेला. गालाची एक शीर उडायला लागली. खुर्ची थरथरत होती, सरवरीच्या मांड्यांखाली तिचे पंजे मुठी वळून धडपडत होते. आणि मग कुठंतरी काहीतरी ठरलं. गुडघा सरळ व्हायच्या आधी, जोर लागायच्याही आधी, तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. ते काय होतं हे दिसेपर्यंत चेहरा वर निघून गेला होता आणि सरवरीच्या डोळ्यांसमोर चोळीची गाठ होती. रतनबाई उभी होती.

तिनं खुर्चीची पाठ धरली होती, सरवरी तिच्या सावलीत होती. मग रतनबाई भिंतीभिंतीनं आत गेली, तिनं लुगडं बदललं, ओलं मोरीत टाकलं, आणि सरवरीनं पायानं फडकं ओढत फरशी पुसली. फडकं चारशे ग्रॅम असेल, तिला वाटून गेलं. तिची हाताची बोटं बधिर झाली होती आणि ती चोळताना तिला हसू आवरेना.

कानिफनाथ धापा टाकत आला, तेव्हा त्याची आई पलंगाच्या कडेला बसून चहा पीत होती. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत चाचपलं, मग सरवरीकडं वळून हात जोडले. तुम्ही होता म्हणून, असं काहीतरी तो बोलायला लागला. तुम्हाला तर उचलायचं नाही ना काकू, मग उचललं कुणी?

‘कुनी न्हाई,’ रतनबाई बशीत फुंकर घालत म्हणाली. ‘पडले हुते. उठले.’

सरवरी दाराशी उभी होती. तिनं वाट बघितली की आता आत कुठंतरी टोचेल. उपकार विसरलेले लोक तिनं बघितले होते, आणि त्यांचं तिला लागायचं. घरी येऊन ती गनीभाईला सांगायची की एवढं केलं पण जाताना वळूनसुद्धा बघितलं नाही. पण हे तसं नव्हतं. म्हातारी जे झालं तेच सांगत होती. तिथं सरवरी होती, तरी कुणी उचललं नव्हतं. या वाक्यात आपली जागा कुठं आहे ते ती शोधत राहिली, आणि सापडली नाही तरी तिला गंमत वाटली. घरी आल्यापासून ती काठी दुसऱ्याच हातात धरून फिरत होती, हे हुमेरानं संध्याकाळी ओरडून दाखवलं.

त्याच दुपारी सरवरीनंच मोठ्या सिस्टरांना फोन केला. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते पूर्ण सांगितलं. पाच किलो, आणि माणूस कधीच नाही. सिस्टरांनी विचारलं की उचलणार नाही तर मावशी, तुम्ही वॉर्डात करणार काय? सरवरी म्हणाली, ‘खुर्ची घेऊन बसेन. उठायला लागणाऱ्यांच्या समोर.’ सिस्टरांना ते नीट कळलं नसावं. मॅनेजरशी बोलून बघते, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून काही सांगता येत नव्हतं. ते झाल्यावर सरवरीला भूक लागली. तिनं सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले, दोन्ही घरं रिकामी झाली, आणि रतनबाई भिंतीला धरत आली. दार तिनं आतून लावून घेतलं. कोपराला पट्टी होती. बसा म्हटलं तर ती पलंगावर बसली नाही, खुर्चीवर बसली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं फरशीचा अंदाज घेतला, पदर खोचला, आणि एक हात टेकवत, मग दुसरा, ती आपणहोऊन खाली बसली. मग कुशीवर निजली.

‘काल कसं झालं ते मला कळलंच न्हाई,’ ती खालून म्हणाली. ‘परत एकदा करून बघू दे. तू बस खुर्चीत.’

सरवरीनं खुर्ची ओढली, उशी घातली, पाय लांब केला आणि हात मांड्यांखाली घातले. मग एक हात परत बाहेर काढून तिनं चष्मा ओढणीनं पुसला आणि डोळ्यांवर नीट बसवला.

‘सावकाश उठा, आक्का,’ ती म्हणाली. ‘मला बघू द्या.’